विष्ठेतील बीटा-ग्लुकुरोनिडेजचे मापन

आतड्यातल्या जीवाणूंचे बीटा-ग्लुकुरोनिडेज हे एन्झाइम विष्ठेच्या नमुन्यात किती वेगाने काम करते, हे ठरवण्याची प्रयोगशालेय पद्धत. यकृत बिलिरुबिन, इस्ट्रोजेन आणि कित्येक औषधांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देते. त्यामुळे ती पाण्यात विरघळतात आणि पित्तावाटे बाहेर जाऊ लागतात. मोठ्या आतड्यातले जीवाणू ही जोड तोडून आम्लाची साखर खातात. सुटा झालेला पदार्थ मग पुन्हा रक्तात शोषला जातो किंवा तिथेच आतड्याच्या अस्तराला इजा करतो. इरिनोटेकान या कर्करोगावरील औषधाने होणारे तीव्र जुलाब हे याचे ठळक उदाहरण. 2010 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने उंदरांत हे जीवाणू-एन्झाइम रोखून ते जुलाब कमी होतात असे दाखवले, आणि या मापनाकडे नव्याने लक्ष गेले.

जीवाणूंची जनुके मोजून हे काम भागत नाही. जनुक असले तरी ते त्या वेळी चालू असेलच असे नाही. शिवाय मानवी आतड्यातल्या जनुकसंचात या एन्झाइमचे 279 वेगवेगळे प्रकार 2017 मध्ये नोंदवले गेले. त्यांच्या सक्रिय जागेभोवतीची वळणे निराळी असल्याने कोणता प्रकार कोणती जोड तोडेल हेही बदलते.

पद्धत : ताजा मलनमुना लगेच बर्फात ठेवावा, त्या दिवशी चाचणी होणार नसेल तर लहान भाग करून उणे 80 अंश सेल्सिअसला गोठवावा. एकच डबी पुन्हा पुन्हा वितळवली की आकडा घसरत जातो, म्हणून भाग आधीच पाडायचे. 1 ग्रॅम मल 9 मिलिलिटर थंड फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण; 0.1 मोलर, पीएच 6.8) नीट घोळवून मंद गतीने सेंट्रिफ्यूज केला की तंतू व अन्नाचे कण खाली बसतात. वरच्या गढूळ द्रवात जीवाणू असतात. त्यांना बर्फातच, थांबून थांबून, सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारे यंत्र) फोडतात. नळी हाताला कोमट लागली तर एन्झाइमही बिघडायला लागले असे समजावे. मग 10,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 10,000 पट) वर 15 ते 20 मिनिटे फिरवून स्वच्छ अर्क घेतात.

100 मायक्रोलिटर अर्कात बफरमधले पॅरा-नायट्रोफिनाइल ग्लुकुरोनाइड 400 मायक्रोलिटर घालतात. हा सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याची जोड तोडते तो पदार्थ. अंतिम तीव्रता 1 मिलिमोलर ठेवतात. 37 अंशांवर 20 मिनिटांनी 0.2 मोलर सोडियम कार्बोनेट 500 मायक्रोलिटर घातले की क्रिया थांबते आणि सुटलेला नायट्रोफिनॉल पिवळाधमक होतो. हे कार्बोनेट टाळून चालत नाही : पीएच 6.8 ला नायट्रोफिनॉलचा जेमतेम तिसरा हिस्साच पिवळ्या रूपात असतो, आणि पीएच जरासा हलला तरी वाचन हलते. 405 नॅनोमीटरवर वाचन घेतात. समजा, कोरे वाचन (सबस्ट्रेट न घातलेल्या नळीचे) वजा करून 1 सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये 0.36 आले. मोलर शोषणांक (1 मोलर द्रावण 1 सेंटिमीटरमध्ये किती प्रकाश शोषते तो आकडा) सुमारे 18,000 धरल्यास 1 मिलिलिटरमध्ये 20 नॅनोमोल, म्हणजे मिनिटाला 1 नॅनोमोल. वापरलेल्या अर्कात 0.05 मिलिग्रॅम प्रथिन असेल, तर क्रियाशीलता 20 नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम प्रथिन.

चुका बहुतेक कोऱ्या नळ्यांत होतात. मलाचा तपकिरी रंग स्वतःच 405 ला प्रकाश शोषतो, म्हणून प्रत्येक नमुन्याची सबस्ट्रेटविना एक नळी हवीच. एकच सामाईक कोरी नळी सगळ्यांना लावणे चूक. उकळलेल्या अर्काची आणि सॅकॅरोलॅक्टोन हा अवरोधक घातलेली नळीही लावावी. तिथेही पिवळा रंग येत राहिला तर तो या एन्झाइमचा नाही. 5, 10, 15, 20 मिनिटांची वाचने एका रेषेत नसतील तर अर्क पातळ करून पुन्हा करावे. संवेदनक्षमतेसाठी 4-मिथिलअम्बेलिफेरिल ग्लुकुरोनाइड हा चमकणारा सबस्ट्रेट वापरतात, पण मलातली रंगद्रव्ये त्याची चमक दाबतात. त्यामुळे प्रमाण आलेख त्याच अर्कात काढावा लागतो.

मलात रक्त किंवा सुटलेल्या पेशी असतील तर माणसाचे स्वतःचे बीटा-ग्लुकुरोनिडेजही येते. ते पीएच 4.5 ते 5 च्या आसपास जोमाने चालते, जीवाणूंचे बहुधा उदासीन पीएचजवळ. म्हणून बफरचा पीएच लिहिल्याशिवाय आकडा निरुपयोगी. छेदाचेही, म्हणजे आकडा कशामागे द्यायचा याचेही तसेच. जुलाबाच्या पातळ मलात ओल्या ग्रॅममागे मोजले तर क्रियाशीलता उगाच कमी दिसते, आणि अर्कातल्या प्रथिनात अन्नाचे व शरीराचे प्रथिनही मोजले जाते. नमुन्याचा एक भाग सुकवून कोरड्या वजनामागेही आकडा द्यावा.

निदानासाठी या मापनाची सर्वमान्य सीमारेषा अजून ठरलेली नाही. एकाच माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांची तुलना करायला ते उपयोगी पडते. नायट्रोफिनॉलची जोड भराभर तोडणारा नमुना इरिनोटेकानच्या चयापचितालाही (शरीरात त्या औषधापासून बनलेल्या, जोड लागलेल्या पदार्थालाही) तसाच तोडेल हे गृहीत धरू नये. औषधाचा प्रश्न असेल तर तेच चयापचित सबस्ट्रेट म्हणून घालून सुटलेला भाग क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याची पद्धत) मोजावा. पचनमार्गातल्या जीवाणूचे एन्झाइम मोजून रोजचे निदान होते ते जठरात : हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या युरिएजसाठी कार्बन-13 युक्त युरिया पाजून श्वासातला कार्बन डायऑक्साइड तपासतात. तिथे प्रश्न एकाच जीवाणूच्या असण्या-नसण्याचा असतो. तरीही आम्लरोधक पीपीआय गोळ्या 2 आठवडे आणि प्रतिजैविके 4 आठवडे आधी बंद नसतील तर संसर्ग असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते. मलनमुना देणाऱ्यालाही प्रतिजैविकांबद्दल आधी विचारून घ्यावे.