गरम इंजिनावर पाणी मारू नका

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरोघरी गाड्या धुतल्या जातात. बाहेरून चकाचक झाली की कुणीतरी बॉनेट उघडतं आणि पाइप आत धरतं. काही वर्षांपूर्वी मी हे काम एका वॉशिंग सेंटरवर करून घेतलं. वीस किलोमीटर चालवून नेलेली गाडी, तापलेलं इंजिन, वर प्रेशरचं पाणी. परतताना गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे झटके देत चालू लागली. मेकॅनिकने इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला जास्त व्होल्टची वीज पुरवणारा भाग, उपसून दाखवली, तेव्हा स्पार्क प्लगच्या खोल खड्ड्यात चमचा-दोन चमचे गढूळ पाणी साचलेलं होतं. प्लगला ठिणगीसाठी १५-२० हजार व्होल्ट लागतात. ओल्या वाटेने ती वीज इंजिनाच्या धातूत उतरून जाते, ठिणगी पडत नाही आणि तो सिलिंडर गप्प बसतो.

पण तिथे पाणी शिरलं कसं? कॉइलला रबराची टोपी असते, वायरिंगच्या जोडांनाही रबरी सील असतात. असे बरेच जोड आयपी६७ दर्जाचे असतात, म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवले तरी टिकतील असे. १ मीटर पाण्याचा दाब म्हणजे हवेच्या दाबाचा साधारण दहावा हिस्सा. घरगुती प्रेशर वॉशर मात्र त्याच्या हजारपट, म्हणजे १०० बार (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) किंवा जास्त दाबाने पाणी सोडतो. ती धार लांब गेल्यावर पसरते, मऊ होते, हे खरं. पण नोझल जवळ नेलं तर अशा सीलची त्यापुढे शाश्वती नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते कुणी सांगत नाही. इंजिन तापतं तेव्हा जोडातल्या पोकळीतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर निसटते. त्याच ८० अंशांच्या जोडावर थंड पाणी ओतलं की उरलेली हवा आकसते. ८० वरून ३० अंशांवर आल्यावर तिचा दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. ही घट १.४ मीटर पाण्याच्या दाबाएवढी भरते! म्हणजे साध्या तांब्याने पाणी ओतलं तरी तो जोड १ मीटरपेक्षा खोल बुडवल्यासारखा होतो आणि बाहेरचं पाणी स्वतःच आत ओढतो. म्हणून इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॉनेट उघडून दोन-तीन तास थांबा, इंजिनाच्या झाकणावर तळहात निवांत टेकला तरच पुढे जा.

शुद्ध पाणी विजेचं फारसं वाहक नसतं. नळाच्या आणि त्याहून बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते वीजही वाहून नेतात आणि पाणी सुकल्यावर पितळी-तांब्याच्या पिनांवर हिरवट थर सोडून जातात. हा त्रास धुतल्या दिवशी दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी दिसतो.

आता कामाला लागू. आधी कोरडं झाडून घ्या. पावसाळ्यानंतर काचेखालच्या जाळीत कुजलेली पानं असतात, कधी उंदराचं घरटंही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. जोडताना निगेटिव्ह शेवटी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा आम्लाचा असतो. खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने लावलं की तो फसफसून निवतो. बॅटरीच्या झाकणाच्या भोकांत मात्र ते जाऊ देऊ नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर केशरी केबलींच्या वाटेला जाऊच नका, त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र), फ्यूज बॉक्स आणि हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. किती बांधल्या ते मोजून ठेवा, कारण शेवटी तितक्याच निघायला हव्यात.

चिकटा म्हणजे तेलात कालवलेली धूळ. पाणी त्यावरून नुसतं ओघळतं. शाम्पूच्या रेणूचं एक टोक तेलात रुतणारं, दुसरं पाण्याला धरणारं. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाला वेढून त्याला पाण्यात तरंगतं करतात. याला वेळ लागतो. पातळ केलेला शाम्पू स्प्रेच्या बाटलीने मारा, तीन-चार मिनिटं मुरू द्या, जुन्या टूथब्रशने घासा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या. वाळू देऊ नका. मी पाइप वापरतच नाही, अर्धी बादली पाणी आणि पाच-सहा फडकी पुरतात.

रॉकेल किंवा पेट्रोलने पुसणं थांबवायला हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालच्या कोपऱ्यांत साचते आणि एका ठिणगीने पेटते. डिझेल मारून चकाकी आणायची जुनी पद्धतही तितकीच वाईट. कूलंटच्या नळ्या बहुधा ज्या रबराच्या असतात, ते खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं. कॉस्टिकचा क्लीनर तर ॲल्युमिनियमच खातो. बेल्टवर पॉलिश लागलं की तो घसरतो, किंचाळतो.

शेवटी पिशव्या काढा आणि बॉनेट उघडं ठेवून गाडी तासभर उन्हात वाळू द्या. मगच बॅटरी जोडा. फडक्यांतून पिळलेलं तेलकट पाणी विहिरीजवळ किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका.

आठवड्याने पुन्हा बॉनेट उघडून बघा. माझ्या गाडीच्या टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली, तेव्हा एक बारीक ओली रेघ दिसली. आधीच्या काळ्या थरात ती कधीच दिसली नसती. पॅकिंग बदललं, त्यानंतर तो भाग कोरडाच आहे.