बेघर माता व मुले (महाराष्ट्र)

राहायला घर नसल्यामुळे मुलांना घेऊन फुटपाथ, पुलाखालची जागा, रेल्वे फलाट किंवा देवळाच्या आवारात दिवस काढणाऱ्या स्त्रियांची स्थिती. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 17.7 लाख, तर महाराष्ट्रात सुमारे 2.1 लाख बेघर नोंदले गेले. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेली आणि बहिणीकडे पंधरा दिवस, मग ओळखीच्या खोलीत महिनाभर काढणारी बाई या मोजणीत येत नाही. त्या रात्री तिच्या डोक्यावर छप्पर असते. स्त्रियांचे बेघरपण बहुधा असेच सुरू होते.

नवऱ्याने टाकणे, वैधव्य, दुष्काळ, झोपडी तोडली जाणे ही नेहमीची कारणे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यापूर्वी घराप्रमाणे रेशनकार्डही बहुधा पुरुषाच्या नावावर असे, त्यामुळे घर सुटले की धान्यही सुटे. 1980 च्या दशकात राज्यात उभ्या राहिलेल्या परित्यक्ता (नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांच्या) चळवळीने म्हणूनच स्वतंत्र रेशनकार्ड मागितले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मालकी नसली तरी सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. पण न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंत मुलांना घेऊन राहायचे कुठे?

रस्त्यावर रात्र सर्वांत अवघड. काही आया लहानग्याचा पाय पदराला बांधून झोपतात, कोणी उचलायला आले तर जाग यावी म्हणून. शौचालयाला पैसे लागतात, म्हणून पाणी कमी पितात. अतिक्रमणाची गाडी आली की बोचके जाते आणि त्याच्यासोबत आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखलाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्यास सांगितले; 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्यासाठी निधी मिळू लागला. खरी अडचण मात्र नियमांत आहे. संकटातील स्त्रियांना आसरा देणाऱ्या पूर्वीच्या स्वाधार गृह योजनेत मुलगी 18 वर्षांपर्यंत आईजवळ राहू शके, मुलगा फक्त 8 वर्षांपर्यंत. त्यानंतर त्याची रवानगी बालगृहात. नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला छप्पर घ्यायचे की मुलगा जवळ ठेवायचा, एवढेच ठरवायचे उरे. कित्येक जणी फुटपाथवरच राहतात त्या याच भीतीपोटी. व्यवस्थेने बाईसाठी एक दार आणि मुलासाठी दुसरे दार केले, दोघांना एकत्र सामावणारे दार क्वचितच. हे क्रूर आहे.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरील बायकांनी 1986 मध्ये ‘महिला मिलन’ सुरू केले. त्यांनी पैसे साठवले, आपल्याला परवडेल अशा घराचा खऱ्या मापाचा नमुना उभा केला आणि पोटमाळा काढता यावा म्हणून खोलीची उंची 14 फूट धरली. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांचे पुढे मानखुर्दला पुनर्वसन झाले. ही कुटुंबे वर्षानुवर्षे एकाच जागी राहत होती, म्हणून संघटना टिकली. दर काही दिवसांनी जागा बदलावी लागणाऱ्या एकट्या आईला शेजारच नसतो. ती अशा गटांच्याही बाहेर राहते.