ईएसआर-सीआरपी तपासायला येताना गोळ्या बंद करू नका
आमवाताच्या (रुमॅटॉइड) ग्राहकांसाठी, आमच्या पॅथॉलॉजी लॅबकडून

ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज किती आहे ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. ‘खरा रिपोर्ट यावा’ म्हणून आधी काही आठवडे गोळ्या सोडून येणारे बरेच जण आम्हाला भेटतात. कृपया असे करू नका. चालू औषधाने सांध्यांची सूज कितपत आटोक्यात आली, हेच डॉक्टरांना पाहायचे असते. मेथोट्रेक्सेट (आमवात आटोक्यात ठेवणारी नेहमीची गोळी) बंद ठेवून दिलेल्या रक्तात ते कसे कळणार? आकडा चढतो, डोस कमी पडतोय असे वाटते आणि नको असताना औषध वाढू शकते. या गोळीचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे मधला खंड महागात पडतो. पेनकिलरने ठणका थांबतो, पण आत सूज चालू राहिली तर हाड कुरतडले जातच असते.

गोळ्या सुटल्याच असतील तर काउंटरवर आणि डॉक्टरांना सांगा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम घेऊ नका. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

सर्दी-ताप, दाढेचा गळू, लघवीची जळजळ यांनीही सीआरपी वाढतो. तसे काही असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, विशेषतः मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप आला तर. नुकतेच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर तेही सांगा, कारण त्याने आकडा खाली येतो.

‘आरए फॅक्टर निगेटिव्ह झाला का, तेही बघा’ असा आग्रह नेहमी होतो. रक्तातला हा घटक आमवाताच्या निदानाच्या वेळी उपयोगी. उपचाराचा गुण त्यावर मोजत नाहीत. तो पुन्हा केला तर आमचे बिल वाढेल, तुमच्या हाती फारसे काही लागणार नाही. त्याऐवजी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन चुकवू नका. औषध रक्तपेशींना, यकृताला, किडनीला सोसतेय का, ते त्यांतून कळते.

ईएसआरला वेळ लागतो अशी तक्रार असते. आम्ही वेस्टरग्रेन पद्धत वापरतो. नळी पूर्ण एक तास उभी ठेवूनच आकडा वाचायचा असतो, त्यात घाई करणार नाही.

ईएसआर आणि सीआरपी या दोन्ही तपासण्यांना उपाशीपोटी यायची गरज नाही. जुने रिपोर्ट आणा. नव्या आकड्याशेजारी मागचे आकडे छापून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सकाळी बोटे आखडतात, जिना उतरवत नाही, अशांचे रक्त घरी येऊन नेतो. आदल्या संध्याकाळी फोन करा.