गोदावरीचा पूर आणि कृष्णेचा हिशेब

पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरकडे दिवस उजाडतो तो एकाच प्रश्नाने : कोयनेतून किती सोडलंय आणि अलमट्टीतून किती? उत्तर क्युसेकमध्ये येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. धरणातला साठा मात्र टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी निघून जाते.

कृष्णा आणि गोदावरी दोघी सह्याद्रीच्या लेकी. एक महाबळेश्वरची, दुसरी त्र्यंबकेश्वरची. लांबीत फारसे अंतर नाही : गोदावरी १,४६५ किलोमीटर, कृष्णा सुमारे १,४००. पाण्यात मात्र अंतर मोठे आहे. केंद्रीय जल आयोगाच्या १९९३ च्या अंदाजानुसार गोदावरीतून वर्षाला सरासरी ११० अब्ज घनमीटर पाणी वाहते, कृष्णेतून ७८.

हे अंतर नाशिक किंवा पैठणला पडत नाही. घाट उतरल्यावर दोन्ही नद्या पर्जन्यछायेत शिरतात, आणि मराठवाड्यातली गोदावरी किती तहानलेली असते हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. चित्र पालटते ते गडचिरोलीत, सिरोंचाजवळ. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांचे पाणी घेऊन प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते. पुढे इंद्रावती आणि शबरी येतात. म्हणजे आंध्रात दिसणाऱ्या त्या अफाट नदीत विदर्भाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा ओळखला जात नाही असे मला वाटते.

ऑगस्ट १९८६ च्या पुरात आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमला गोदावरीत ३५ लाखांहून अधिक क्युसेकचा विसर्ग नोंदला गेला. त्या वेगाने १०२ टीएमसीचे जायकवाडी सुमारे आठ तासांत काठोकाठ भरले असते!

याच धवळेश्वरमला ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये बंधारा पुरा झाला. पाठोपाठ विजयवाड्याला कृष्णेवरही बंधारा उभा राहिला. हेतू कालव्यांचा होता, पण नोंदीही होत गेल्या. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाला त्याच कामी आल्या : विजयवाड्याजवळच्या १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या प्रवाहावरून लवादाने कृष्णेत ७५ टक्के विश्वासार्हतेचे २,०६० टीएमसी पाणी धरले. चारपैकी तीन वर्षे निदान इतके पाणी मिळेलच, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी अशी वाटणी झाली. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षे घेतली आणि विश्वासार्हता ६५ टक्क्यांवर आणली, तेव्हा आकडा २,२९३ झाला. नदी तीच. बदलली ती मोजायची वर्षे आणि टक्केवारी. म्हणून नदीचा आकडा कोणी सांगितला की तो कुठल्या ठिकाणचा आणि कुठल्या वर्षांचा, हे आधी विचारावे.

गोदावरीच्या लवादाचे अध्यक्षही बच्छावतच होते. १९८० च्या त्या निवाड्यात राज्यांचे आपसातले करार मान्य झाले. त्यातलाच एक करार आंध्रात गोदावरीवरच्या पोलावरमहून ८० टीएमसी पाणी कृष्णेकडे वळवण्याचा. ते पाणी कृष्णेत आले की वरच्या राज्यांनी तेवढे कृष्णेचे पाणी वरच वापरायचे : कर्नाटकने २१ टीएमसी, महाराष्ट्राने १४.