'अधूनमधून' म्हणजे किती? रेल्वेतल्या सेफ्टी आणि स्टाफच्या वाटाघाटींची पार्श्वभूमी

रेल्वेत युनियन आणि प्रशासन समोरासमोर बसले की बोलणं फिरून फिरून दोन गोष्टींवर येतं, सेफ्टी आणि रिकाम्या जागा. प्रशासनाच्या फायलींमध्ये हे दोन वेगळे विषय आहेत, सेफ्टीचं खातं वेगळं, पदं मंजूर करणारं खातं वेगळं. गेटवर (म्हणजे रेल्वे फाटकावर), लाइनीवर काम करणाऱ्याला मात्र हा एकच विषय वाटतो आणि माझंही मत तेच आहे, ते आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. पण हे दोन विषय वेगळे पडले कसे, हे बघायचं तर एका शब्दाचा इतिहास बघावा लागतो. तो शब्द म्हणजे 'एसेन्शियली इंटरमिटंट', रेल्वेवाल्यांच्या बोलण्यातलं 'ईआय'. मुळात अधूनमधून करावं लागणारं काम, असा त्याचा साधा अर्थ.

सुरुवात फार मागे आहे, ती थोडक्यात सांगतो. १९१९च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कामाच्या तासांचा करार झाला, भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला. करारातली सर्वसाधारण मर्यादा आठवड्याचे ४८ तास आणि आपल्याला खास कलम लावून ६०. त्यानुसार १९३० मध्ये रेल्वेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ज्याचं काम सतत चालतं त्याला ६० तास आणि ज्याचं काम 'अधूनमधून' त्याला ८४. ८४ म्हणजे सातही दिवस रोज बारा तास. गाड्या कमी होत्या, लहान स्टेशनवर दोन गाड्यांच्या मध्ये तासन्‌तास शांतता असायची, त्यामुळे त्या काळच्या साहेबांना यात काही वावगं वाटलं नाही.

१९४७ साली एका न्यायमूर्तींचा निवाडा आला आणि आजची चौकट खरं म्हणजे तिथे तयार झाली. कामाचे चार वर्ग ठरले, इंटेन्सिव्ह (सतत ताणाचं), कंटिन्युअस (सतत चालणारं), ईआय आणि एक्सक्लुडेड (तासांच्या नियमांबाहेरचं). आठवड्याला अनुक्रमे ४५, ५४ आणि ७५ तास, एक्सक्लुडेडला मर्यादाच नाही. पुढे १९६९ मध्ये आणखी एक लवाद नेमला गेला, त्याचा निवाडा १९७२ मध्ये आला, त्याने ४८ तास हा मूळ आकडा धरला आणि ईआयवाल्यांना त्याच्यावर जादा तास लावायची पद्धत आली, कुणाला १२, कुणाला २४. १९८९चा कायदा आणि २००५चे नियम याच पायावर उभे आहेत. सी क्लास, म्हणजे कमी रहदारीच्या, गेटवरचे गेटमन, चौकीदार, विश्रामगृहाचे केअरटेकर हे २४ जादा तासांच्या यादीत, म्हणजे आठवड्याला ७२. लहान स्टेशनवरचा ईआय कर्मचारी असेल आणि त्याला अर्ध्या किलोमीटरच्या आत क्वार्टर दिलेलं असेल तर त्यालाही ७२. क्वार्टर जवळ आहे म्हणून ड्युटी जास्त, या तर्काचं मला आजही नवल वाटतं, घर जवळ असलं म्हणून रात्री तीन वाजता डोळ्यावर येणारी झोप काही कमी होत नाही.

आता मुख्य मुद्दा. यात तास दिसतात, पण त्या तासांच्या आत पदं लपलेली आहेत. गेट चोवीस तास, सातही दिवस चालवायचं म्हणजे आठवड्याचे १६८ तास भरायचे. माणूस ७२ तास काम करणार असेल तर सव्वादोनच्या थोडी वर माणसं लागतात, दोन गेटमन आणि एका रेस्ट गिव्हरचा, म्हणजे त्यांच्या सुट्टीला बदली येणाऱ्या माणसाचा, वाटा. तोच माणूस ४८ तास करणार असेल तर साडेतीन. रजेसाठी लागणारी माणसं यात धरलेलीच नाहीत. एका गेटमागे सव्वा पदाच्या आसपास फरक, हजार गेटं धरली तर अकराशे-बाराशे पदं. म्हणजे गेटवरचं काम 'सतत'चं की 'अधूनमधून'चं, हा प्रश्न ऐकायला भाषेचा वाटतो पण तो भरतीचा आणि पगाराच्या खर्चाचा प्रश्न आहे, आणि दोन्ही बाजूंना हे पक्कं माहीत असतं.

कायद्यातली व्याख्या अशी आहे की बारा तासांच्या पाळीत निम्मा किंवा जास्त वेळ माणूस निष्क्रिय असला पाहिजे, त्यात सलग एक तासाचा एक तरी टप्पा किंवा अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन टप्पे हवेत, आणि सरासरी सलग ७२ तासांवर काढायची. निष्क्रिय म्हणजे ड्युटीवर आहे पण शारीरिक हालचालही करावी लागत नाही आणि सतत लक्षही ठेवावं लागत नाही. सगळा घोळ या 'सतत लक्ष' शब्दात आहे.

हे मोजायची पद्धत म्हणजे जॉब अ‍ॅनालिसिस. इन्स्पेक्टर वही आणि घड्याळ घेऊन गेटच्या गुमटीत येऊन बसतात, आळीपाळीने, तीन दिवस तीन रात्री. स्टेशनवरून फोन वाजला, स्टेशन मास्तरने गाडी सांगितली, गेटमनने रजिस्टरमध्ये लिहून घेतली, बाहेर जाऊन दोन्ही बाजू बघितल्या, गेट पाडलं, कुलूप लावलं, परत येऊन आपला प्रायव्हेट नंबर (गेट बंद असल्याची खूण म्हणून सांगायचा गुप्त आकडा) दिला, तो लिहिला, झेंडा किंवा बत्ती घेऊन उभा राहिला, गाडी गेली, शेवटच्या डब्याचा बोर्ड किंवा दिवा बघितला, गेट उघडलं. प्रत्येकाची मिनिटं वहीत पडतात. इथपर्यंत फारसा वाद नसतो. वाद त्याच्या मधल्या वेळाचा आहे. फोन कधीही वाजेल म्हणून माणूस कान देऊन बसलाय, बाहेर ट्रॅक्टरवाला गेट उघड म्हणून आरडाओरडा करतोय, पावसात रुळावर काही पडलंय का हे मधूनमधून बघावं लागतंय, हा वेळ निष्क्रिय की लक्ष ठेवण्याचा? प्रशासन म्हणतं नुसतं हजर असणं म्हणजे लक्ष नव्हे, त्यासाठी मनावर खरा ताण पडला पाहिजे. युनियन म्हणते एका चुकीने बस भरून माणसं जाऊ शकतात हे माहीत असताना त्या गुमटीत बसून राहणं हाच ताण आहे.

प्रशासनाच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे, ती सांगायला हवी. असे आडमार्गाचे गेट आहेत जिथे दिवसभरात खरोखर मोजक्या गाड्या जातात आणि तिथे तीन पाळ्या लावणं म्हणजे दुसरीकडे जिथे माणसाची जास्त गरज आहे तिथला माणूस अडवणं. यात तथ्य आहे. पण अडचण अशी की गाड्या वाढतात आणि जॉब अ‍ॅनालिसिस जुनाच राहतो. कायद्याने प्रत्येक काम मुळात कंटिन्युअसच धरलंय, ईआय आहे असं प्रशासनाला जाहीर करावं लागतं. एकदा जाहीर झालं की ते बदलून घेण्याची सगळी धडपड मात्र कामगाराच्या गळ्यात, त्याने विभागीय श्रम आयुक्तांकडे दाद मागायची, तिथेही नाही पटलं तर वर अपील. बारा तास गेट सांभाळून हे कधी करायचं?

मग युनियन हे सगळं टेबलावर का सोडवत नाही असं कुणी विचारेल. टेबल आहे. १९५२ पासून कायमस्वरूपी वाटाघाटींची यंत्रणा आहे, रेल्वेवाले तिला पीएनएम म्हणतात, डिव्हिजन आणि झोनपासून रेल्वे बोर्डापर्यंत. युनियन आधी आयटम, म्हणजे चर्चेचा विषय, देते, प्रशासन उत्तर तयार करतं, बैठक होते, तिचं इतिवृत्त निघतं, आयटम क्लोज होतो किंवा पुढच्या बैठकीला जातो. १९६६ मध्ये केंद्र सरकारच्या सगळ्या खात्यांसाठी संयुक्त सल्लामसलतीची यंत्रणा आली, ब्रिटनमधल्या जुन्या नमुन्यावर. त्यात बोलणी फिसकटली तर सक्तीचा लवाद आहे, पण तीनच विषयांत, पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा. किती माणसं नेमायची हा विषय त्यात नाही. पदं किती असावीत हे ठरवणं प्रशासनाचा अधिकार, असं तेव्हापासून धरून चाललेलं आहे.

हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर पुढची पन्नास वर्षं समजायला सोपी जातात. पदांवर थेट भांडता येत नाही म्हणून कामगार तासांवर भांडले. १९७३च्या ऑगस्टमध्ये इंजिनवरच्या स्टाफला दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळालं, ते पाळायचं तर माणसं वाढवावी लागणार होती, ती पुरेशी वाढली नाहीत आणि ते आश्वासन धड पाळलं गेलं नाही. ८ मे १९७४ला सुरू झालेला वीस दिवसांचा देशव्यापी संप बोनस आणि महागाई भत्त्यासाठी म्हणून आठवला जातो, पण आठ तासांची ड्युटी हीसुद्धा त्यातली मोठी मागणी होती. संप मोडला, हजारोंना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यानंतर बरीच वर्षं बैठकांमध्ये आवाज खालचाच राहिला.

नव्वदच्या दशकापासून वारं फिरलं. १९९१च्या आसपास रेल्वेत साडेसोळा लाख माणसं होती, आता ती बारा लाखांच्या घरात आहेत, आणि गाड्या दरम्यान वाढल्यात. नवं पद हवं असेल तर तेवढ्याच पैशांची जुनी पदं सरेंडर करा हा नियम पक्का झाला, त्याला मॅचिंग सरेंडर म्हणतात. नवीन लाइन टाकली, नवीन स्टेशन आलं, तरी माणूस कुठून तरी उचलूनच आणायचा. कपातीचे आदेश आले की सेफ्टी कॅटेगरी आणि नॉन-सेफ्टी कॅटेगरी असा भेद केला जातो, सेफ्टीतली पदं वाचतात. कागदावर. कारण पद वाचणं वेगळं आणि भरलं जाणं वेगळं. २०१९ मध्ये ग्रुप डीच्या १ लाख ३ हजार ७६९ जागांची जाहिरात निघाली, ट्रॅकमन, पॉइंट्समन, हेल्पर हे सगळे त्यातच, आणि परीक्षा सुरू झाली ऑगस्ट २०२२ला. मधली तीन वर्षं, त्यात कोविड आला हे मान्य, पण त्या जागांचं काम कुणीतरी करतच होतं ना, जो आहे त्याने डबल ड्युटी करून.

ट्रॅकवरचं उदाहरण गेटपेक्षाही थेट आहे. गँग रुळावर काम करत असते तेव्हा एक माणूस लुकआउट म्हणून लांब उभा करायचा असतो, शिट्टी आणि झेंडा घेऊन, गाडी दिसली की बाकीच्यांना बाजूला करायचं एवढंच त्याचं काम. गँगमध्ये माणसं कमी पडली की पहिल्यांदा हाच माणूस कामाला ओढला जातो, कारण त्याच्या हातात फावडं नसतं आणि बघणाऱ्याला तो नुसता उभा दिसतो. २०१२ मध्ये सेफ्टीचा आढावा घेणाऱ्या उच्चस्तरीय समितीने आधीच्या चार वर्षांत सोळाशेच्या आसपास रेल्वे कर्मचारी ड्युटीवर असताना मरण पावल्याचं नोंदवलं. प्रवाशांच्या अपघाताची बातमी होते, यांची होत नाही. सेफ्टीची पदं रिकामी ठेवू नका, हेही त्याच समितीने सांगितलं होतं.

अपघातानंतरच्या चौकशीतही हीच फारकत दिसते. खात्याच्या चौकशीत जबाबदारी माणसांवर टाकली जाते, प्रायमरी (मुख्य जबाबदार) कोण, सेकंडरी (दुय्यम) कोण, ब्लेमवर्दी (ठपका ठेवण्याजोगा) कोण. गेटमन झोपला होता हे सिद्ध होतं आणि तो निलंबित होतो. तो त्या आठवड्यातला कितवा तास करत होता, रेस्ट गिव्हरची जागा किती महिने रिकामी होती, हे अहवालात आलंच तर इतर निरीक्षणं म्हणून मागे कुठेतरी येतं.

एक बदल मात्र मोठा आणि चांगला झाला. ब्रॉडगेजवरची बिनमाणसांची सगळी गेटं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली, काही बंद करून, काहींखाली बोगदे करून, काहींवर माणूस नेमून. अपघात खूप घटले. पण यामुळे आता सगळा भार माणूस असलेल्या गेटांवर, आणि अशी गेटं अजून हजारोंनी आहेत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ इंटरलॉकिंग (गेट आणि सिग्नल एकमेकांना जोडणारी व्यवस्था) नसलेल्या गेटवर शाळेची व्हॅन गाडीखाली आली, मुलं गेली. त्यानंतर गेटवर कॅमेरे, फोनवरच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगची तपासणी, आणि इंटरलॉकिंगसाठी रहदारीची अट २० हजारांवरून १० हजारांवर आणणं असे उपाय जाहीर झाले. रहदारीचा हा आकडा म्हणजे टीव्हीयू, दिवसातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. इंटरलॉकिंगचा निर्णय योग्यच आहे, गेट बंद झाल्याशिवाय गाडीला पुढे जायचा सिग्नल मिळतच नाही, त्यात माणसाच्या चुकीला वाव कमी. कॅमेऱ्यांची मात्र जेवढी चर्चा झाली तेवढी ड्युटीच्या तासांची व्हायला हवी होती.

आणि बैठकीत कोण बसतं हेही बघितलं पाहिजे. २००७, २०१३ आणि मग थेट २०२४ असं गुप्त मतदान होऊन कुणाला मान्यता द्यायची हे ठरलं. मान्यता मिळाली तरच पीएनएममध्ये खुर्ची. माजी सैनिकांमधून कंत्राटावर घेतलेले गेटमन किंवा ठेकेदाराकडचे ट्रॅकवरचे मजूर या मतदानात नसतात, त्यांच्या तासांचा आयटम दुसऱ्या कुणाला तरी घालावा लागतो.

सध्याची मागणी साधी आहे, बारा तासांची गेटं आठ तासांची करा. त्यावरचं ठराविक उत्तर असं की आधी जॉब अ‍ॅनालिसिस होऊ द्या. मग तो कधी करायचा यावर पुन्हा ओढाताण. युनियनला तो आत्ता हवाय, गाड्या वाढल्यात आणि गेट हाताने चालतंय तोवर. इंटरलॉकिंग होईपर्यंत थांबलं तर फोन आणि प्रायव्हेट नंबरची बरीच मिनिटं वहीतून कमी होतील आणि निष्क्रिय वेळ निम्म्याच्या वर जाऊ शकेल, गाड्या तेवढ्याच असल्या तरी.