साइट उघडते पण रंग अन् आयकॉन गायब, यामागची जुनी गोष्ट

परवा नागपूरच्या महाल भागातल्या एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसलो होतो, तिथं साइट उघडली तर पांढरंफटक पान, निळ्या लिंका एकाखाली एक, अन् सर्चचं भिंग पाहिजे तिथं रिकामा चौकोन. फॉर्म भरायला आलेली पोरगी घाबरली, दादा साइट बंद पडली का म्हणे. बंद नव्हती ना पडली, पण हे समजायला थोडं मागं जावं लागते.

वेबचं पान म्हणजे मुळात नुसता मजकूर. 1993 मध्ये मोझॅक ब्राउझर आला अन् मजकुरातच चित्रं दिसायला लागली, पण रंगरूपाची नीट सोय नव्हतीच, मग ऑक्टोबर 1994 मध्ये हाकोन व्यूम ली यांनी सीएसएसची, म्हणजे पानाचं रंगरूप सांगणाऱ्या भाषेची, कल्पना मांडली अन् डिसेंबर 1996 मध्ये तिचं पहिलं रूप अधिकृत झालं. सगळी गोम इथंच आहे, मजकूर एका फाइलीत अन् रंग दुसऱ्या फाइलीत, दुसरी पोचली नाही की पान उघडंबोडकं.

आयकॉन आधी छोटी चित्रं असायची. 2012 मध्ये फॉन्ट ऑसम नावाचा आयकॉनचा फॉन्ट आला अन् असल्या फॉन्टचं चलन वाढलं, म्हणजे ते भिंग चित्र नाही, अक्षर आहे, युनिकोडनं, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीनं, खासगी वापरासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेतलं. फॉन्ट उतरला नाही तर त्या अक्षराला दुसरा आकारच नसते, म्हणून चौकोन. 2010 मध्ये आपलं ₹ युनिकोडमध्ये आलं तेव्हा जुन्या विंडोजवर असाच चौकोन दिसायचा, आठवते का?

मग 2013 मध्ये फायरफॉक्स 23 पासून एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, पानावर साध्या, असुरक्षित एचटीटीपीनं येणाऱ्या सीएसएस फाइली अडवणं सुरू झालं. सुरक्षेसाठी ते गरजेचंच होतं, पण ज्या साइटींनी फाइलींचे जुने पत्ते बदलले नाही त्यांचे रंग गेले.

म्हणून पान नव्यानं आणायला आधी कंट्रोल एफ5 मारा, मग जाहिराती अडवणारा अ‍ॅडब्लॉकर अन् विंडोजची रंग बदलणारी हाय कॉन्ट्रास्ट सोय चालू आहे का बघा, अन् तारीख तर बघाच. त्या पीसीचं तेच झालं होतं, मदरबोर्डचा सेल संपलेला, घड्याळ 2009 मध्ये, त्यामुळे ज्या दुसऱ्या सर्व्हरवरून रंग अन् फॉन्ट यायचे त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा दाखला, ब्राउझर मानतच नव्हता, 2009 च्या हिशोबानं त्याची मुदत सुरूच झाली नव्हती ना. सेल बदलला, तारीख टाकली, पान परत लोड केलं तशी साइटची वरची हिरवी पट्टी आली, भिंग आलं, अन् पोरगी फोटो अपलोड करायला लागली.