पार्श्वभूमी : गावातला ‘पीअर’ कुठून आला

‘पीअर’ म्हणजे बरोबरीच्या वयाचा सोबती. मुलांनीच मुलांना आरोग्याच्या गोष्टी सांगाव्यात, ही कल्पना आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या, म्हणजे १९७९ च्या आसपास जगभर पसरली. तेव्हा भर होता धाकट्या भावंडांवर : जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी, लसी, स्वच्छता. वयात येणाऱ्या मुलांचे स्वतःचे प्रश्न त्यात जेमतेमच होते.

आपल्याकडे ते प्रश्न पुढे आले एचआयव्हीच्या साथीमुळे. २००५ मध्ये केंद्राने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो रोखला. त्यातली चित्रं उघडीवाघडी आहेत, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे आक्षेप होते. खरा गुंता शब्दाचा होता. मराठीत ‘लैंगिक’ हा एकच शब्द लैंगिक समानतेलाही लागतो, लैंगिक अत्याचारालाही आणि लैंगिक आजारालाही. ‘लैंगिक शिक्षण’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याने त्यातला एकच अर्थ उचलला. पाळी, स्वप्नदोष, नकार देण्याचा हक्क, सगळं त्या एका अर्थाखाली दबलं. आक्षेपाची चित्रं बदलता आली असती; अख्खा विषय थांबवणं चूकच होतं. पुढे ‘जीवनकौशल्यं’, ‘वयात येताना’ अशी सावध नावं रुळली. विषय आला, पण आडून.

आरोग्य खात्याची वाट वेगळी होती. २००६ च्या धोरणातून किशोरांसाठी दवाखाने निघाले. ‘ॲडोलेसंट रिप्रॉडक्टिव्ह अँड सेक्शुअल हेल्थ’ (किशोरांचं प्रजनन आणि लैंगिक आरोग्य) या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांमुळे त्यांचं नाव पडलं ‘अर्श’, आणि आयुर्वेदात अर्श म्हणजे मूळव्याध. महाराष्ट्रात ‘मैत्री’ हे नाव मिळालं, ते बरं झालं. तरीही मुलगा-मुलगी इथे सेवा घेणारेच होते.

देणाऱ्याची भूमिका आली जानेवारी २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून. वयोगट १० ते १९. साधारण हजार लोकसंख्येमागे चार पीअर एज्युकेटर, म्हणजे बरोबरीच्यांना माहिती देणारी मुलं : दोन मुली आणि दोन मुलगे. निवडीत आशाताईंचा हात. विषयांत पोषण आणि प्रजनन आरोग्याच्या जोडीला मानसिक आरोग्य, व्यसनं आणि हिंसाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्यासाठी ‘साथिया’ हे साहित्य आलं.

२०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात मात्र मुख्य जागा पुन्हा शिक्षकांकडे गेली. प्रत्येक शाळेत दोन आरोग्यदूत शिक्षक, वर्गातली मुलं त्यांचे निरोपे. शाळा सुटलेली, ऊसतोडीला जाणारी किंवा पंधराव्या वर्षी लग्न ठरलेली मुलगी त्या वर्गात नसते. तिच्या दारापर्यंत जाणारी गावातली ‘पीअर’च.